डिझेलच्या धुरातले कण: इंजिन ऑइलचा वाटा कुठून येतो आणि तो कसा शोधायचा

डिझेल इंजिनाच्या धुरातले कण नीट न जळलेल्या डिझेलचे असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: इंजिन ऑइलही या कणांत भर घालतं म्हणतात, ते नेमकं कसं, किती, आणि ते ओळखून कमी कसं करायचं?

आधी हे सांगायला हवं की ऑइलचा वाटा अमुक टक्के, असा एकच आकडा नसतो. एकेरी टक्क्यांपासून निम्म्याच्या पुढेपर्यंत काहीही सापडतं, आणि तेही एकाच इंजिनात, भार बदलला की. पूर्ण भारावर काजळी भरपूर असते, त्यात ऑइल झाकून जातं. आयडलिंगला किंवा उतारावर काजळी जवळपास नसते, मग जे काही निघतं त्यात ऑइलच जास्त. म्हणून इंजिन किती ऑइल खातं हा प्रश्न अर्धाच आहे. ते ऑइल कुठून धुरात शिरतं, यावर बाकीचं सगळं ठरतं.

कण म्हणजे नुसता कोळसा नव्हे. नियमाच्या मोजणीत धूर स्वच्छ हवेत मिसळून ५२ अंश सेल्सिअसच्या खाली आणतात, फिल्टरमधून सोडतात आणि फिल्टरवर जे अडकेल त्याचं वजन करतात. त्या तापमानाला जे घन किंवा द्रव असेल ते सगळं कणांत धरलं जातं. त्यात चार गोष्टी निघतात. पहिली काजळी: २० ते ३० नॅनोमीटरचे कार्बनचे मणी एकमेकांना चिकटून झालेल्या साखळ्या, साधारण १०० नॅनोमीटरच्या. दुसरी, काजळीवर बसलेले जड हायड्रोकार्बन, जे डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात धुऊन निघतात. तिसरी सल्फेट आणि त्यांनी धरून ठेवलेलं पाणी. चौथी राख, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस यांची संयुगं आणि झिजेतून आलेलं थोडं लोखंड.

काजळी बहुतांशी डिझेलची असते. उरलेल्या तिन्हींत ऑइलचा हात आहे, आणि राखेत तर जवळपास सगळाच. हायड्रोजनवर चालवलेल्या पिस्टन इंजिनाच्या धुरातही कण सापडतात. तिथे इंधनात कार्बनच नसतो, त्यामुळे ते कण कुठून आले याबद्दल वाद उरत नाही.

द्रावकात निघालेल्या हायड्रोकार्बनमध्ये डिझेलचं किती आणि ऑइलचं किती हे गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळं करता येतं. डिझेल साधारण १८० ते ३७० अंशांत उकळतं, तर ऑइलचा बहुतेक भाग ३५० च्या पुढे सुरू होऊन ५५० पर्यंत जातो. मधला थोडा पट्टा एकमेकांवर चढतो, पण दोन उंचवटे स्पष्ट दिसतात. मोजणीच्या बाजूने पाहिलं तर याच फरकामुळे ऑइल जड जातं. न जळलेलं डिझेल ५२ अंशांना बरंचसं वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जातं, ते हायड्रोकार्बनच्या खात्यात मोजलं जातं. न जळलेलं ऑइल मात्र जवळपास सगळं फिल्टरवर बसतं.

आता प्रमाणाचा अंदाज घेऊ. चांगलं अवजड इंजिन एका किलोवॅट-तासाला सुमारे २०० ग्रॅम डिझेल जाळतं. ऑइलचा खप डिझेलच्या ०.१ टक्का धरा, म्हणजे चांगल्या अवस्थेतलं इंजिन. मग ऑइल गेलं ०.२ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. त्यातलं नव्वद टक्के जळालं आणि फक्त दहा टक्के तसंच बाहेर पडलं, तर ०.०२ ग्रॅम. युरोपच्या धूरनियमांतल्या युरो १ च्या काळात मोठ्या इंजिनांची कणांची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.३६ ग्रॅम होती, त्यात हे ०.०२ कोणाच्या डोळ्यांत भरलं नसतं. युरो ३ ला मर्यादा ०.१० झाली, तेव्हा तोच आकडा मर्यादेचा पाचवा हिस्सा झाला. युरो ६ ची मर्यादा ०.०१ आहे. म्हणजे इंजिन तसंच, ऑइलचा खप तोच, आणि एकट्या ऑइलने मर्यादेच्या दुप्पट. डिझेलच्या बाजूने काजळी कमी होत गेली तसतसं ऑइल उघडं पडत गेलं. ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (न जळलेले हायड्रोकार्बन जाळणारा) आणि डीपीएफ (धुरातले कण अडवणारा फिल्टर) नसते तर ही मर्यादा गाठणं फार अवघड गेलं असतं.

दुसरं एक गणित करून पाहण्यासारखं आहे. १३० मिलिमीटर बोअर (व्यास) आणि १६० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर) एक सिलिंडर घ्या. लायनरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचा, उघडा पडणारा पृष्ठभाग सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर होतो. त्यावर ऑइलचा थर फक्त एक मायक्रॉन धरला तरी ते ६५ घन मिलिमीटर ऑइल होतं. पूर्ण भारावर एका पॉवर स्ट्रोकला आत येणारं डिझेल साधारण २०० ते २५० घन मिलिमीटर असतं. म्हणजे दर खेपेला डिझेलच्या पाव हिश्श्याइतकं ऑइल आगीसमोर उघडं असतं, आणि खप ०.१ टक्का असेल तर त्यातला जेमतेम तीनशेवा भाग जातो. रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) ऑइल पुसून खाली ठेवण्याचं काम इतक्या बारकाईने करतात. म्हणूनच रिंगचा ताण, लायनरचा गोलपणा किंवा होनिंग (लायनरवर घासून काढलेल्या बारीक तिरक्या रेघा) यांत जरा बिघाड झाला तरी खप दुप्पट-तिप्पट व्हायला वेळ लागत नाही.

ऑइल वर जाण्याचे मार्ग एकेक करून पाहू, कारण प्रत्येकाचा परिणाम वेगळा.

पहिला मार्ग लायनरवरून बाष्पीभवन. भार असताना वरच्या रिंगच्या वळणबिंदूपाशी (रिंग वर जाऊन परत फिरते तिथे) लायनर १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो. पातळ थर, गरम धातू, वरून वेगाने फिरणारा वायू. ऑइलमधले हलके रेणू उडतात. पॉवर स्ट्रोकच्या सुरुवातीला उडालेले जळून जातात. पण पिस्टन खाली जाताना लायनरचा खालचा भाग उघडा पडतो तेव्हा वायू थंड होत आलेला असतो. तिथे आणि एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये उडालेली वाफ न जळता बाहेर जाते आणि पुढे थंड झाल्यावर काजळीवर बसते.

दुसरा मार्ग ऑइल द्रवरूपातच वर जाणं. पिस्टनच्या वरच्या कडेला साचलेलं ऑइल पिस्टन वर पोचून थांबताना जडत्वाने फेकलं जातं. शिवाय रिंगांच्या मध्ये अडकलेला वायू असतो. पॉवर स्ट्रोकच्या उत्तरार्धात सिलिंडरचा दाब उतरतो, पण दोन रिंगांमधला दाब अजून चढाच असतो, मग तो वायू उलटा वर येतो आणि ऑइलचे थेंब बरोबर आणतो. दुसऱ्या रिंगचा गॅप (टोकांमधली फट) बऱ्याच इंजिनांत मुद्दाम वरच्या रिंगपेक्षा जास्त ठेवतात तो याचसाठी: मधला दाब खाली निघून जावा. रिंग बसवताना ‘घट्ट तेवढी चांगली’ म्हणून दुसरीचा गॅप कमी ठेवला तर कॉम्प्रेशन सुधारल्यासारखं वाटेल आणि ऑइल मात्र जास्त जाईल. उत्पादकाने दिलेला आकडाच पाळावा.

या दोन मार्गांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाफ होऊन जातं ते हलकं बेस ऑइल, म्हणजे ऑइलमधलं मूळ तेल. त्यात मिसळलेल्या डिटर्जंटमधलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम वाफेबरोबर फारसं जात नाही, ते मागे चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) राहतं. थेंबाच्या रूपात गेलेलं ऑइल मात्र सगळी धातूंची रसद घेऊन जातं. म्हणून बाष्पीभवनाने हायड्रोकार्बन वाढतात, थेंबांनी राखही वाढते. वापरलेल्या ऑइलच्या तपासणीत झीज नसताना कॅल्शियम ताज्या ऑइलपेक्षा थोडं वर चढलेलं दिसतं, ते याच कारणाने.

तिसरा मार्ग वॉल्व्ह गाईड, म्हणजे वॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी. इनटेकच्या गाईडमधून आलेलं ऑइल निदान सिलिंडरमध्ये जातं, जळायची संधी मिळते. एक्झॉस्टच्या गाईडमधून गळालेलं ऑइल सरळ पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या वाटेत, पडतं, तिथे तापतं, पण धड जळत नाही. चौथा मार्ग टर्बो, आणि त्यातही हाच भेद. त्यातली टर्बाइन धुराने फिरते आणि कॉम्प्रेसर हवा दाबून आत ढकलतो. कॉम्प्रेसरच्या बाजूने गेलेलं ऑइल इंटरकूलरमधून फिरून सिलिंडरमध्ये येतं. टर्बाइनच्या बाजूचं ऑइल आगीच्या पलीकडे पडतं. ग्रॅमला ग्रॅम तोलायचं तर एक्झॉस्ट गाईड आणि टर्बाइनचं सील हे सगळ्यांत महाग मार्ग आहेत. रिंगमधून गेलेल्या दहा ग्रॅमपेक्षा इथून गेलेले दोन ग्रॅम कणांत जास्त भर घालू शकतात.

पाचवा मार्ग ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी वाट. जुन्या इंजिनांत ब्रीदरची नळी खाली उघडी सोडलेली असे. त्यातली ऑइलची धुकट सायलेन्सरमधून जात नसली तरी हवेतच जाते. नव्या अवजड इंजिनांच्या नियमांत ती मोजणीत धरतात किंवा ब्रीदर बंद करून इनटेकला जोडतात. जोडलेल्या ब्रीदरमध्ये सेपरेटर असतो, जाळीचा किंवा फिरणारा. जाळीचा सेपरेटर तुंबला की दोन गोष्टी होतात: धुकट इनटेकमध्ये जाते आणि चेंबरमधला दाब वाढतो. दाब वाढला की टर्बोतून परत येणारं ऑइल उतरायला अडतं आणि सीलमधून बाहेर ढकललं जातं. मग टर्बो बदलला जातो, नवाही महिन्याभरात ओला होतो, आणि दोष मात्र साध्या ब्रीदर एलिमेंटचा असतो. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की टर्बोला हात लावण्याआधी चेंबरचा दाब मोजलाच पाहिजे.

धुरात शिरलेल्या ऑइलच्या वाफेचं पुढे काय होतं? काजळी भरपूर असेल तर वाफ तिच्यावर बसते, कणांचं वजन वाढतं पण संख्या नाही. काजळी कमी असेल तर वाफेला बसायला जागाच नाही. मग टेलपाइपबाहेर धूर थंड हवेत मिसळताना तीच वाफ स्वतःचे नवे, अतिसूक्ष्म थेंब बनवते, ५० नॅनोमीटरच्या आतले. वजन नगण्य, संख्या प्रचंड. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड किटलसन यांच्या गटाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशा बाष्पशील नॅनोकणांचं पृथक्करण केलं, तेव्हा त्यांत प्रामुख्याने न जळलेलं लुब्रिकेटिंग ऑइलच निघालं.

संख्येच्या नियमात मात्र हे थेंब धरत नाहीत. नमुना आधी ३०० अंशांच्या वर तापवून बाष्पशील भाग उडवतात आणि उरलेले घन कण मोजतात, आजवर २३ नॅनोमीटरपासून पुढचे. युरो ७ मध्ये ही पायरी १० नॅनोमीटरवर आणली आहे. २३ च्या खालच्या भागात ऑइलच्या धातूंचे बारीक गाभे असतात, जे तापवून उडत नाहीत. ते आता मोजणीत येतील, त्यामुळे ऑइलमधल्या राखेकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहावं लागणार आहे.

गंधकाबद्दल थोडक्यात. डिझेलमध्ये ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) गंधक होतं तेव्हा किलोवॅट-तासाला १०० मिलिग्रॅम गंधक इंधनातून येत असे. ऑइलचं कोणी विचारत नसे. १० पीपीएमच्या डिझेलमध्ये ते २ मिलिग्रॅम झालं. ऑइलमध्ये ०.४ टक्के गंधक आणि खप ०.२ ग्रॅम असेल तर ऑइलचं ०.८ मिलिग्रॅम. म्हणजे इंधनाच्या चाळीस टक्के. कॅटॅलिस्ट गरम असेल तर तो सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करतो, पाण्याशी मिळून गंधकाम्ल होतं आणि त्याचेही सूक्ष्म थेंब बनतात.

राखेचं प्रकरण सविस्तर पाहिलं पाहिजे, कारण डीपीएफ असलेल्या गाडीत ऑइलचा खरा त्रास तिथे आहे. डीपीएफ घन कण ९५ टक्क्यांहून अधिक अडवतो. काजळी नायट्रोजन डायऑक्साइडने २५० ते ४०० अंशांत हळूहळू, किंवा रीजनरेशनमध्ये (फिल्टर मुद्दाम तापवून) ५५० ते ६५० अंशांवर जळून जाते. राख जळत नाही. ती आधी भिंतींवर पातळ थर करते, नंतर वाहत जाऊन नळ्यांच्या मागच्या टोकाला बुच्च्यासारखी बसते. पहिला पातळ थर उलट उपकारक असतो, कारण काजळी छिद्रांत शिरत नाही आणि गाळण सुधारतं. त्यापुढचं सगळं नुकसान.

हिशोब असा करा. १०० किलोमीटरला ३० लिटर डिझेल घेणारी गाडी १ लाख किलोमीटरमध्ये ३०,००० लिटर, म्हणजे सुमारे २५,००० किलो डिझेल जाळते. खप ०.१ टक्का असेल तर ऑइल २५ किलो. ऑइलची सल्फेटेड राख (ठरलेल्या चाचणीत ऑइल जाळून उरणारी) १ टक्का असेल तर २५० ग्रॅम राख. खप ०.४ टक्क्यांवर गेला तर १ किलो. फिल्टरमधली राख ढोबळमानाने लिटरला ३०० ग्रॅम बसते, तेव्हा १ किलो राख ३ लिटरहून जास्त जागा अडवते. प्रत्यक्षात सापडणारी राख या हिशोबापेक्षा कमी असते, कारण खपातला वाफेचा भाग राख नेत नाही. तुलना करायला मात्र हा हिशोब पुरतो.

जागा कमी झाली की काजळीला थांबायला जागा उरत नाही, बॅक प्रेशर (धुराचा मागे साचणारा दाब) लवकर वाढतं, रीजनरेशन वारंवार होतं. ज्या इंजिनांत रीजनरेशनसाठी सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल फवारतात, तिथे ते डिझेल लायनर धुऊन चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते, क्रँक ते घुसळतो, धुकट वाढते, ऑइल आणखी वर जातं, आणखी राख. इथे चक्र पूर्ण होतं. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर हे जास्त जाणवतं, कारण त्याचा उत्कलनबिंदू डिझेलच्या वरच्या टोकाला असल्याने ते चेंबरमध्ये उतरलं की सहजी उडून जात नाही.

ऑइल निवडताना काय पाहायचं? ग्रेडच्या आकड्यांच्या आधी दोन गोष्टी. एक, सल्फेटेड राख. डीपीएफच्या अवजड इंजिनांसाठी एपीआय या अमेरिकन संस्थेची सीजे-४ ही श्रेणी २००६ मध्ये आली आणि सीके-४ २०१६ च्या अखेरीस. दोन्हींत राख जास्तीत जास्त १.० टक्का, फॉस्फरस ०.१२ टक्के आणि गंधक ०.४ टक्के. प्रवासी गाड्यांसाठी एसीईए या युरोपीय संस्थेच्या सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, सी४ मध्ये ०.५ टक्के (सी१ मध्येही तेवढीच होती, पण ती श्रेणी २०२१ मध्ये वगळली). एसीईए ई४ किंवा ई७ ची ऑइलं उत्तम असली तरी त्यांना २.० टक्क्यांपर्यंत राखेची मुभा आहे. ती डीपीएफच्या इंजिनात भरायची नाहीत. डब्यावर राख लिहिलेली नसेल आणि डेटाशीटमध्ये धातू दिले असतील तर अंदाज काढता येतो: कॅल्शियमचे टक्के गुणिले ३.४, मॅग्नेशियम गुणिले ४.९५, झिंक गुणिले १.२५, आणि बेरीज. कॅल्शियम ०.२२ आणि झिंक ०.१२ असेल तर ०.७५ अधिक ०.१५, म्हणजे ०.९ टक्के.

दुसरी गोष्ट नोआक बाष्पीभवन: २५० अंशांवर एक तास ठेवल्यावर किती टक्के ऑइल उडालं. वरच्या बहुतेक श्रेणींत ते १३ टक्क्यांपर्यंत चालतं, पण चांगल्या सिंथेटिक बेसचं ऑइल १० च्या खाली सहज असतं. तुमचं इंजिन धडधाकट असेल, रिंग ठीक असतील आणि तरी खप थोडा जास्त असेल तर नोआकमधला हा फरक ग्रेड बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. ‘ऑइल खातंय म्हणून जाड ऑइल टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. झिजलेल्या गाईडमधून जाड ऑइल कमी गळेल हे खरं. पण तुंबलेली ऑइल रिंग किंवा चिकटलेला ग्रूव्ह (पिस्टनवरची रिंगची खाच) त्याने सुटत नाही, थंड इंजिनात टर्बोला ऑइल उशिरा पोचतं, आणि मूळ दोष आत तसाच राहतो. धूर बंद करण्याची म्हणून मिळणारी घट्ट द्रव्यं हेच करतात.

आता शोध कसा घ्यायचा. धुराचा रंग एवढंच सांगतो की काळा म्हणजे डिझेल-हवेचा प्रश्न, निळसर म्हणजे ऑइल. धूर मोजायच्या यंत्रावर मात्र इथे विसंबू नका. ते प्रकाश किती अडला हे मोजतं आणि प्रकाश अडवते ती मुख्यतः काळी काजळी. ऑइलची वाफ आणि बारीक थेंब त्याला नीट दिसत नाहीत. ऑइल खाणारी गाडी त्या चाचणीत आरामात पास होऊ शकते. टेलपाइप आतून पांढऱ्या कापडाने पुसा: कोरडी काळी भुकटी आली तर काजळी, मेणचट चिकट थर आला तर ऑइल. डीपीएफ असेल तर टेलपाइप स्वच्छच असतो, तेव्हा फिल्टरच्या आधीच्या पाइपात पाहायचं.

खप मोजायचा तर डिपस्टिकवर नव्हे, वजनावर मोजा. इंजिन पूर्ण तापवा, ऑइल ८० अंशांच्या वर. गाडी सपाट जागी लावा, चेंबरचा प्लग काढा, ३० मिनिटं निथळू द्या. फिल्टर तोच ठेवा. ऑइलचं वजन करून परत भरा. ५० ते १०० तास नेहमीच्या कामावर चालवा, मध्ये भरलेलं ऑइल वजनाने लिहा, डिझेलही लिहा. मग तेच तापमान, तेवढाच वेळ, पुन्हा वजन. नव्या ऑइलचे पहिले काही तास या मोजणीत धरू नका; हलका भाग तेव्हाच उडतो आणि खप खोटा जास्त दिसतो. शेवटी नमुन्यात डिझेल किती मिसळलं ते तपासून घ्या. चेंबरमध्ये ३० किलो ऑइल असेल आणि त्यात ३ टक्के डिझेल असेल तर ९०० ग्रॅमची घट झाकली गेली आहे. ‘आमची गाडी ऑइल अजिबात खात नाही, पातळी हलतच नाही’ असं कोणी सांगितलं की पहिला संशय याचाच घ्यावा.

रोजच्या व्यवहारात १००० लिटर डिझेलमागे १ लिटर ऑइल हे चांगलं. २ लिटरपर्यंत लक्ष ठेवा. ३ च्या पुढे गेलं आणि गाडीला डीपीएफ असेल तर शोध घ्यायलाच हवा, मग पुस्तकात त्याहून जास्त मुभा दिलेली असली तरीही, कारण ती मुभा इंजिन वाचवण्यासाठी असते, फिल्टर वाचवण्यासाठी नव्हे.

जागा शोधताना स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी. पातळी कमाल खुणेच्या वर आहे का. एअर फिल्टर तुंबला आहे का. तुंबलेला फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निर्वात तयार करून टर्बोतून ऑइल ओढतो. ब्रीदरचा एलिमेंट, आणि पाण्याच्या मॅनोमीटरने चेंबरचा दाब, आयडलला आणि भारावर. टर्बोची परतीची नळी वाकलेली, दबलेली किंवा कार्बनने भरलेली नाही ना, आणि ती चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वरच उतरते ना. हे झाल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण इतकी स्पष्ट उत्तरं दुसरं काहीच देत नाही. एकच पोर्ट ओला असेल तर त्या सिलिंडरचा गाईड, सील किंवा रिंग. सगळे पोर्ट सारखेच ओले असतील तर इंटरकूलरचा पाइप काढून पाहा. तिथे ऑइल साचलेलं असेल तर कॉम्प्रेसर किंवा ब्रीदर, कोरडं असेल तर सगळ्याच रिंग. पोर्ट सगळे कोरडे आणि टर्बाइनच्या पुढचा पाइप ओला असेल तर टर्बाइनचं सील.

ओल्या पोर्टचा सिलिंडर बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, पाहा. होनिंगच्या तिरक्या रेघा वरच्या भागात पुसून आरसा झाला असेल तर पिस्टनच्या वरच्या कडेवरचा कडक कार्बन लायनर घासतोय. रेघा आहेत पण त्यावर तपकिरी काचेसारखा थर आहे, तर इंजिन दीर्घकाळ हलक्या भारावर चाललंय. जनरेटरमध्ये हे हमखास दिसतं. नव्या रिंग टाकण्याआधी हा थर होनिंगने काढला नाही तर रिंग बसणारच नाहीत. बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून चेंबरमध्ये निसटणारा वायू) कमी आणि तरी खप जास्त, असं असेल तर वरच्या रिंग ठीक आहेत आणि ऑइल रिंगची परतीची भोकं कार्बनने बुजली आहेत असं समजायला हरकत नाही.

चालवण्याच्या सवयीचाही यात भाग आहे. लांब उतारावर इंजिन ब्रेकवर उतरताना सिलिंडरमध्ये ज्वलनाचा दाब नसतो, रिंग लायनरवर तितक्या दाबल्या जात नाहीत, ऑइल वर चढतं; खाली पोचून पॅडल दाबलं की निळा लोट येतो. तो एक लोट एवढ्याने इंजिन खोलू नका. तासन्‌तास आयडलिंग मात्र टाळाच: लायनर थंड, टर्बोत दाब नाही, कॅटॅलिस्ट पेटलेला नाही, आणि ऑइलची वाफ जशीच्या तशी बाहेर.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. काढलेलं जुनं इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून संपवू नका. ५ टक्के मिसळलं तर १००० लिटरमध्ये ५० लिटर, म्हणजे सुमारे ४४ किलो ऑइल आणि ४४० ग्रॅम राख. नीट चालणाऱ्या इंजिनातून तेवढ्याच डिझेलमागे ९ ग्रॅमच्या आसपास राख जाते. पन्नास पट. शिवाय झिंक आणि फॉस्फरस कॅटॅलिस्टवर बसून त्याला निकामी करतात, आणि काजळी व धातूचे कण इंजेक्टर घासतात.

डीपीएफ राखेसाठी साफ करायची वेळ आली की साफ करण्याआधी आणि नंतर त्याचं कोरडं वजन करून घ्या, काजळी आधी जाळून टाकलेली असली पाहिजे. फरक म्हणजे निघालेली राख. ती मधल्या काळात खपलेल्या ऑइलच्या राखेशी ताडून पाहा. हिशोबाहून बरीच कमी निघाली आणि तरीही बॅक प्रेशर चढत होतं, तर अडथळा काजळीचा आहे. रीजनरेशन, इंजेक्टर आणि सेन्सर तपासा. हिशोबाइतकी किंवा जास्त निघाली तर ऑइल थेंबांच्या रूपात जातंय, किंवा भरलेल्या ऑइलची राख तुम्ही समजता त्याहून जास्त आहे. ते शोधून झाल्यावरच साफ केलेला फिल्टर परत बसवा.